तांत्रिक सहकार्याच्या वार्ता आणि लहान भागधारक

भोपाळ शहराच्या पूर्वभागात बरखेडा, पिपलानी आणि गोविंदपुरा या नावांच्या वसाहती आहेत. सार्वजनिक क्षेत्रातील 'भारत हेवी इलेक्ट्रिकल्स', म्हणजेच सर्वांच्या तोंडी रूढ झालेल्या 'भेल' या कारखान्याच्या आधाराने त्या वसल्या व वाढल्या. नोकरीच्या निमित्ताने येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांत मराठी भाषिकांचाही समावेश आहे, आणि त्यांचे आप्तेष्ट विदर्भात, खानदेशात व अन्यत्र पसरलेले आहेत. गेल्या काही वर्षांत या कारखान्याच्या शेअरविषयीचे कुतूहल खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचले असल्याने बरखेड्यात राहणाऱ्या माणसाला गावाकडून हमखास एक प्रश्न येतो : "काका, तुमच्या कंपनीचा कोणत्या परदेशी कंपनीशी करार होणार आहे म्हणतात, ते खरे का? शेअर घेऊन ठेवावेत का?"

या प्रश्नाचे दोन भाग आहेत. करार होणार की नाही, हा पहिला भाग होय. आणि करार झालाच तर शेअर घेणाऱ्याच्या पदरात त्यातून काय पडेल, हा दुसरा. लोक पहिल्या भागावर तासन् तास बोलतात, दुसऱ्याचा हिशेब मात्र क्वचितच मांडतात. प्रस्तुत लेखात मुख्यतः या दुसऱ्या भागाचा विचार केला आहे.

प्रथम सहकार्य करार म्हणजे प्रत्यक्षात काय, हे पाहू. त्यासाठी भोपाळच्या कारखान्याच्या जन्मकथेइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. विजेची अवजड यंत्रसामग्री देशातच तयार व्हावी, या धोरणानुसार केंद्र शासनाने ब्रिटनमधील असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीशी १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये तांत्रिक सल्ल्याचा करार केला. १९५६ च्या ऑगस्टमध्ये 'हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया)' ही कंपनी स्थापन झाली आणि ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते कारखाना राष्ट्राला अर्पण करण्यात आला. करारावर सही झाल्यापासून या दिवसापर्यंत पाच वर्षे लोटली होती. या काळात जमीन घेणे, इमारती उभारणे, यंत्रे बसविणे, तरुणांना प्रशिक्षण देणे ही सारी कामे चालू होती. त्यानंतरही आरंभीची कित्येक वर्षे हा कारखाना तोट्यात होता. अवजड यंत्रनिर्मितीचा तो स्वभावच आहे. हात बसेपर्यंत माल महाग पडतो, वेळ अधिक लागतो आणि भांडवल अडकून राहते. त्या काळी सर्व भांडवल शासनाचे असल्यामुळे हा भार शासनाने सोसला. एखाद्या शिक्षकाने किंवा शेतकऱ्याने आपली शिल्लक त्यात घातली असती, तर त्याला एवढी प्रतीक्षा झेपली असती का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

दरम्यान १९६४ मध्ये 'भेल' ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. तिच्या हरिद्वार येथील कारखान्यास सोव्हिएत संघाचे, तर तिरुचिरापल्ली व हैदराबाद येथील कारखान्यांस चेकोस्लोव्हाकियाचे तांत्रिक साहाय्य लाभले होते. १९७४ मध्ये भोपाळची कंपनी तिच्यात विलीन झाली. सत्तरच्या दशकातच वाफेच्या टर्बाइनसाठी पश्चिम जर्मनीच्या क्राफ्टवेर्क युनियनशी आणि बाष्पकांसाठी अमेरिकेच्या कंबशन इंजिनिअरिंगशी सहकार्याचे करार झाले. या नामावळीत एक मौजेची गोष्ट आढळते. ब्रिटिश सहकारी कंपनी १९६७ मध्ये दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीन होऊन तिचे नावच पुसले गेले. जर्मन कंपनी कालांतराने सीमेन्समध्ये सामावली. अमेरिकन कंपनी प्रथम एबीबीकडे, तेथून अल्स्टॉमकडे आणि शेवटी जनरल इलेक्ट्रिककडे गेली. सोव्हिएत संघ व चेकोस्लोव्हाकिया ही राष्ट्रेच नकाशावरून गेली. भोपाळमध्ये मात्र जलविद्युत यंत्रे, रोहित्रे, रेल्वेच्या इंजिनांसाठी लागणाऱ्या मोटारी आदी वस्तू तयार होत राहिल्या. म्हणजे सहकार्यातून जे टिकले ते कारागिराच्या हातातील कौशल्य व आरेखन कक्षातील ज्ञान होय. भागीदाराच्या नावाचा दबदबा तेवढा टिकला नाही. आज बाजारात मात्र नेमका या नावाच्या दबदब्यालाच भाव दिला जातो.

१९९१ पर्यंत या कारखान्यासंबंधी कितीही अफवा उठल्या तरी त्यावर कोणी पैसा लावू शकत नव्हते, कारण शेअर बाजारात नव्हतेच. १९९१-९२ या वर्षी केंद्र शासनाने अनेक सार्वजनिक उपक्रमांतील आपल्या भांडवलाचा काही हिस्सा विकण्यास आरंभ केला. त्यांत भेल ही एक होती. पुढे तिच्या शेअरची बाजारात नियमित खरेदी-विक्री होऊ लागली. २०१३ मध्ये तिला 'महारत्न' दर्जा मिळाला. मार्च २०२५ अखेर तिच्या भांडवलाचा ६३ टक्क्यांहून थोडा अधिक भाग केंद्र शासनाकडे होता आणि उर्वरित भाग वित्तीय संस्था, परस्पर निधी व लक्षावधी लहान भागधारक यांच्यात विभागलेला होता.

कारखान्याच्या अतिथिगृहात परदेशी पाहुणे उतरले, एखाद्या अधिकाऱ्याने जपानची किंवा जर्मनीची वारी केली, कोणा मंत्रिमहोदयांनी भाषणात नव्या तंत्रज्ञानाचा उल्लेख केला, की अशा औद्योगिक वसाहतीतील चहाच्या टपरीवर तर्क सुरू होतात. हे तर्क भ्रमणध्वनीवरील संदेशांतून काही तासांत अकोल्याला, जळगावला पोहोचतात. आणि पोहोचेपर्यंत 'बोलणी चालू आहेत' याचे 'करार झाला' असे रूपांतर झालेले असते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण अशा प्रसंगी अगदी चपखल बसते.

एक घडलेले उदाहरण पाहू. २०१८ च्या मार्चमध्ये भेलने भारतीय अंतराळ संशोधन संस्थेशी, म्हणजे इस्रोशी, लिथियम बॅटरीच्या घटांचे तंत्रज्ञान घेण्याचा करार केला. हा प्रत्यक्ष सही झालेला करार होता. त्यानंतर २०१९ च्या जूनमध्ये अशी घोषणा झाली की, भेल आणि लिबकॉइन या समूहामध्ये लिथियम बॅटरीचा मोठा कारखाना उभारण्यासाठी संघ स्थापन करण्याविषयी संवाद चालू आहे. आरंभी १ गिगावॅट-तास आणि कालांतराने ३० गिगावॅट-तास इतकी त्याची क्षमता असेल. विजेवर चालणाऱ्या वाहनांचा तो पहिला बहर होता, त्यामुळे वार्तेचा गाजावाजा झाला. तिच्यातील शब्द मात्र 'संवाद चालू आहे' एवढेच होते. त्या संवादातून उभ्या राहिलेल्या कारखान्याचे उत्पन्न पुढील वर्षांच्या हिशेबांत दिसत नाही. भेलचा शेअर २०२० च्या मार्चमध्ये २० रुपयांच्या आसपास उतरला. ही घसरण या एका वार्तेमुळे झाली नाही. साथीच्या भीतीने तेव्हा सारा बाजारच कोसळला होता व कंपनीचा मूळ धंदाही तोट्यात होता. परंतु 'बॅटरीचा कारखाना येतो आहे' या एका वाक्याच्या भरवशावर ज्यांनी शेअर घेतले, त्यांना त्या तोट्याकडे पाहण्याची आठवणही राहिली नव्हती, हे नाकारता येणार नाही.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील असून शेअरपेक्षा जमिनीशी अधिक निगडित आहे. भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात मुंडीपार येथे भेलचा कारखाना होणार, असे जाहीर झाले आणि २०१३ मध्ये त्याचा शिलान्यासही झाला. प्रकल्पासाठी शेतकऱ्यांची जमीन संपादन करण्यात आली. प्रथम बाष्पकांच्या सुट्या भागांविषयी व नंतर सौर पट्ट्यांच्या निर्मितीविषयी बोलले गेले. त्यानंतर दहा वर्षे लोटली तरी तेथे उत्पादन सुरू झाले नाही. कारखाना उभारावा, नाहीतर जमिनी परत द्याव्यात, अशी मागणी तेथील शेतकऱ्यांनी वारंवार केली. विजेची मागणी अपेक्षेप्रमाणे न वाढणे, औष्णिक प्रकल्पांची कामे खोळंबणे, सौर पट्टे परदेशातून स्वस्तात येऊ लागणे अशा बाबी एखाद्या योजनेचे गणित कसे उलटवू शकतात, हे त्या काळात साऱ्या देशाने पाहिले. शिलान्यास हा बोलण्यापेक्षा पुष्कळच पुढचा टप्पा होय, आणि तोसुद्धा उत्पादनाची हमी देत नाही. जमीन देणारा शेतकरी व शेअर घेणारा शिक्षक यांची स्थिती या एका बाबतीत सारखी असते : दोघांनी आपला भाग आधीच देऊन टाकलेला असतो.

आता वार्तांच्या प्रकारांकडे वळू. 'करार' हा एकच शब्द बाजारात निदान चार-पाच भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो आणि बराचसा घोटाळा त्यामुळेच होतो. सर्वांत प्राथमिक अवस्था बोलण्यांची. तिचे कोणतेही बंधन कोणावर नसते. त्यापुढील अवस्था सामंजस्य कराराची. त्यावर सह्या होतात, छायाचित्रे निघतात. पण बहुधा त्यातून पैसा देण्याघेण्याचे बंधन निर्माण होत नाही. एकत्र येऊन अभ्यास करू, शक्यता तपासू, एवढाच त्याचा आशय असतो. परवाना करार ही याहून भारी गोष्ट आहे. त्यात तंत्रज्ञान देणारी कंपनी आरेखने देते आणि घेणारी त्याबद्दल ठरावीक रक्कम व पुढे प्रत्येक यंत्रामागे स्वामित्वशुल्क देते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी की, परवाना करारात आरंभी पैसा बाहेर जातो. आत येतो तो पुढे, आणि तोही त्या यंत्राला गिऱ्हाईक मिळाले तरच. संयुक्त कंपनीत दोघेही भांडवल घालतात व नफातोटा वाटून घेतात. शेवटी येतो पुरवठ्याचा आदेश. गिऱ्हाईकाचे नाव, मालाचे वर्णन, किंमत व मुदत या चारही गोष्टी ठरलेल्या असतात ती हीच अवस्था होय. अनेकदा दोन कंपन्या मिळून निविदा भरतात. अशा वेळी बातमीत छापलेली रक्कम दोघींची मिळून असते, आणि वाचणारा मात्र ती आपल्याच कंपनीची समजतो.

या शेवटच्या प्रकाराचे उदाहरण म्हणजे वंदे भारत शयनयान गाड्यांचे कंत्राट. २०२३ मध्ये भेल व कोलकात्याची टिटागढ रेल सिस्टिम्स यांच्या संघाला रेल्वेने ८० गाड्या पुरविण्याचे व पुढे ३५ वर्षे त्यांची देखभाल करण्याचे काम दिले. एका गाडीची किंमत १२० कोटी रुपये आणि देखभालीसह एकूण कंत्राट सुमारे २४,००० कोटी रुपयांचे. आकडा ऐकून कोणाचेही डोळे दिपावेत असाच आहे. तो आता फळ्यावर मांडून पाहू. (शिक्षकांना हे गणित वरच्या वर्गात शेकडेवारीच्या पाठाबरोबर घेता येईल.)

८० गाड्या गुणिले १२० कोटी म्हणजे ९,६०० कोटी रुपये ही पुरवठ्याची किंमत झाली. बाकीची रक्कम ३५ वर्षांच्या देखभालीवर पसरलेली आहे. दोन भागीदारांत वाटणी कशी आहे हे बाजूस ठेवून केवळ उदाहरणादाखल निम्मा वाटा धरू. तो ४,८०० कोटी येतो. पुरवठा सहा वर्षांत व्हावयाचा म्हणून वर्षाला ८०० कोटी. अशा कामात शेकडा ५ निव्वळ नफा सुटला असे मानले, तर वर्षाला ४० कोटी रुपये. भेलचे एकूण शेअर सुमारे ३४८ कोटी आहेत. तेव्हा एका शेअरच्या वाट्याला वर्षाकाठी साडेअकरा पैसे येतात. नफा दुप्पट धरला तरी तेवीस पैसे. आता असे समजा की, अशी एखादी बातमी आली आणि त्या दिवशी शेअर ५ रुपयांनी चढला. ३४८ कोटी शेअरांवर ५ रुपये म्हणजे बाजाराने कंपनीची किंमत एका दिवसात १,७४० कोटी रुपयांनी वाढवली. वर्षाला ४० कोटींच्या संभाव्य नफ्यासाठी, तोही सहा वर्षांपुरता, ही वाढ रास्त आहे का, हे ज्याने त्याने ठरवावे. देखभालीचे उत्पन्न दीर्घकाळ चालेल व या कामाच्या अनुभवावर पुढे आणखी कामे मिळतील, असा युक्तिवाद कोणी केल्यास तो खोटा म्हणता येणार नाही. मात्र तो युक्तिवाद करणाऱ्याने त्याचेही असेच गणित मांडून दाखवावे.

मोठ्या आदेशांचा साठा असला म्हणजे नफा ठरलेलाच, हाही असाच एक समज आहे. २०११ च्या मार्चमध्ये भेलच्या हाती सुमारे १ लाख ६४ हजार कोटी रुपयांची कामे होती, आणि २०११-१२ या वर्षी तिला ७,००० कोटींच्या घरात नफा झाला. यानंतर विजेच्या क्षेत्रात कोळशाचा तुटवडा, जमिनीचे तंटे, पर्यावरणविषयक परवानग्या आणि खाजगी वीज कंपन्यांची कर्जबाजारी अवस्था यांमुळे अनेक प्रकल्प ठप्प झाले. आदेश कागदावर राहिले; माल उचलला जाईना, पैसे मिळेनात. २०२०-२१ मध्ये याच कंपनीला २,७०० कोटींहून अधिक तोटा झाला व भागधारकांना लाभांश मिळाला नाही. त्यानंतर परिस्थिती पुन्हा पालटली. औष्णिक विजेची मागणी वाढली आणि मार्च २०२५ अखेर हाती असलेल्या कामांचा आकडा २ लाख कोटींच्या जवळ पोहोचला. त्या वर्षाची उलाढाल मात्र २८,००० कोटींच्या आसपास होती, म्हणजे हातातील काम सात वर्षांच्या उलाढालीइतके. या सात वर्षांत तांबे, पोलाद व रोहित्रांसाठी लागणारा खास पत्रा यांचे भाव काय राहतील, यावर नफा अवलंबून राहणार. २०२३-२४ या वर्षात एका शेअरमागे कंपनीचा नफा १ रुपयाहूनही कमी होता आणि २०२४ च्या जुलैमध्ये शेअरचा भाव ३०० रुपयांच्या वर गेला होता. म्हणजे तीनशे रुपये मोजणारा माणूस त्या दिवशीच्या नफ्यासाठी पैसे मोजत नव्हता, भविष्याच्या आशेसाठी मोजत होता. आशेलाही बाजारात किंमत असते व ती देणे हा गुन्हा नाही. पण आपण आशा विकत घेत आहोत, हे विकत घेणाऱ्याला माहीत असावयास हवे.

जुन्या भावांशी तुलना करतानाही सावधगिरी हवी. 'हा शेअर एके काळी अडीच हजारांवर होता, आता तीनशेच्या आतबाहेर मिळतो, तेव्हा स्वस्त आहे,' असे सांगणारे अनेक भेटतात. २००७ च्या अखेरीस तो खरोखरच अडीच हजारांहून वर होता. परंतु तेव्हा शेअरची दर्शनी किंमत १० रुपये होती. २०११ मध्ये १० रुपयांच्या एका शेअरचे २ रुपयांचे पाच शेअर करण्यात आले आणि २०१७ मध्ये प्रत्येक दोन शेअरांमागे एक बक्षीस शेअर देण्यात आला. अर्थात त्या वेळच्या एका शेअरचे साडेसात शेअर झाले. अडीच हजाराला साडेसातने भागले असता ३३३ रुपये येतात. तेव्हा स्वस्ताईचा तो भास भागाकार न केल्याचा परिणाम होय.

परदेशी भागीदाराचे नाव ज्यात आहे अशी सर्वच वार्ता पोकळ असते, असा समज कोणी करून घेऊ नये. २०२४ मध्ये गुजरातेतील खावडा येथून नागपूरपर्यंत सुमारे १,२०० किलोमीटर लांबीच्या, ८०० किलोव्होल्ट दाबाच्या व ६,००० मेगावॅट क्षमतेच्या एकदिश वीजवाहिनीचे काम हिताची एनर्जी व भेल यांच्या संघाला मिळाले. कच्छच्या वाळवंटातील सौर व पवन वीज महाराष्ट्रात आणणारी ही योजना आहे. येथे गिऱ्हाईक पॉवर ग्रिड हे निश्चित आहे, तंत्रज्ञान निश्चित आहे आणि दोन्ही कंपन्यांनी अशा स्वरूपाचे काम पूर्वी केलेले आहे. अशी वार्ता निराळ्या तोलाची असते. तरीही कोणती रोहित्रे कोणी बनवावयाची, किती वर्षांत, यावरच प्रत्येकीचा वाटा ठरतो. भोपाळच्या गोविंदपुरा औद्योगिक वसाहतीत भेलला सुटे भाग पुरविणारे लहान कारखानदार आहेत. या मंडळींना बातमीपेक्षा खरेदी विभागाच्या मागणीपत्रात अधिक रस असतो. मागणीपत्र आले तर यंत्राची पाळी वाढवावयाची, न आल्यास थांबावयाचे. शेअर बाजाराच्या पंडितांपेक्षा त्यांचे हे शहाणपण मला अधिक भरवशाचे वाटते.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगणे अवश्य आहे. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाच्या, म्हणजे सेबीच्या, २०१५ च्या सूचीबद्धताविषयक विनियमांतील ३० व्या विनियमानुसार महत्त्वाचे करार, सहकार्य व मोठे आदेश यांची माहिती कंपनीने शेअर बाजारास कळविणे बंधनकारक आहे. कंपनीच्या अंतर्गत निर्णयाची माहिती १२ तासांत व बाहेरून उद्भवलेल्या घटनेची २४ तासांत द्यावी लागते. संचालक मंडळाच्या बैठकीतील निर्णयांसाठी मुदत याहूनही कमी आहे. अफवांबाबतचा नियम अधिक नवा आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्यांना १ जून २०२४ पासून आणि पहिल्या २५० कंपन्यांना १ डिसेंबर २०२४ पासून तो लागू झाला. प्रमुख वृत्तमाध्यमांत आलेल्या अफवेमुळे शेअरचा भाव लक्षणीय हलला, तर कंपनीने २४ तासांच्या आत ती वार्ता खरी आहे, खोटी आहे किंवा वस्तुस्थिती काय आहे, हे जाहीर केले पाहिजे. लहान भागधारकाच्या दृष्टीने या नियमाचे मोल मोठे आहे. मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर भेलचा क्रमांक ५००१०३ असा असून कंपनीने दिलेले प्रत्येक निवेदन तेथे विनामूल्य वाचता येते. गावातील ग्रंथालयात अथवा शाळेत संगणक असेल, तर हे पाच मिनिटांचे काम आहे. निवेदनात नसलेला करार संदेशात असेल, तर तो संदेश कोणी व कशासाठी पाठविला, हे विचारावे. शेअर खरेदीचा सल्ला देण्याचा व्यवसाय करणाऱ्याने सेबीकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच करू नये.

बरखेडा किंवा पिपलानीत राहणाऱ्यांसाठी एक वेगळा इशारा द्यावासा वाटतो. कारखान्यात काम करणाऱ्याला एखाद्या कराराची खरीखुरी माहिती प्रसिद्ध होण्यापूर्वी कळली, तर ती 'अप्रकाशित, भावावर परिणाम करणारी माहिती' ठरू शकते. तिच्या आधारे स्वतः शेअर घेणे आणि ती गावाकडील भाच्याला वा मेहुण्याला सांगणे या दोन्ही गोष्टींना सेबीच्या २०१५ च्या अंतर्गत व्यवहारविषयक विनियमांनी मनाई आहे. यासाठी कायद्यात किमान १० लाख रुपये दंड असून तो २५ कोटींपर्यंत अथवा मिळालेल्या लाभाच्या तिपटीपर्यंत, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेथपर्यंत, जाऊ शकतो. म्हणजे 'आतली बातमी' खोटी असली तर घेणारा बुडतो आणि खरी असली तर सांगणारा अडचणीत येतो. आप्तांना स्पष्ट नकार देणे हा यावरील एकच उपाय आहे, मग कोणी रुसले तरी चालेल.

शेअर घेऊन ठेवण्याऐवजी वायद्यांच्या व विकल्पांच्या व्यवहारात शिरणाऱ्यांचे प्रमाण अलीकडे वाढले आहे. वार्तेवर झटपट पैसा करण्याचा तो मार्ग समजला जातो. सेबीने २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचे व्यवहार तपासले, तेव्हा अशा व्यवहारांतील वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी शेकडा ९३ जणांना तोटा झाल्याचे आढळले. हा तोटा सरासरीने दरडोई सुमारे २ लाख रुपये होता. यावर अधिक भाष्य नको.

मुंबईने हे सर्व फार पूर्वी एकदा अनुभवले आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचा पैसा मुंबईत वाहत आला आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांचे पेव फुटले. बॅकबे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या वर गेला होता. युद्ध संपले, कापूस उतरला आणि १८६५ च्या जुलैमध्ये सारा डोलारा कोसळला. समुद्र हटविण्याची कल्पना खोटी नव्हती. मुंबईची पुष्कळ जमीन पुढे त्याच मार्गाने मिळाली. मात्र ती मिळाली तेव्हा तो शेअर घेणारे हयात नव्हते.

शेवटी ज्यांच्याकडे भेलचे शेअर आधीपासून आहेत त्यांच्यासाठी काही व्यावहारिक बाबी. ज्यांच्याजवळ अजून कागदी प्रमाणपत्रे आहेत, त्यांनी ती विद्युत स्वरूपात, म्हणजे डीमॅट खात्यात, रूपांतरित करून घ्यावीत. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचे हस्तांतर बंद झाले आहे. वर सांगितलेले विभाजन व बक्षीस यांमुळे जुन्या प्रमाणपत्रावरील संख्या आज प्रत्यक्षात बरीच अधिक असू शकते, म्हणून कंपनीच्या निबंधकाकडे एकदा विचारणा करावी. सात वर्षे सतत लाभांश न उचलल्यास लाभांशाची रक्कम व ते शेअरही केंद्र शासनाच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. ते परत मिळविता येतात, पण त्यासाठी ठरावीक नमुन्यात अर्ज व ओळखीचे पुरावे लागतात. खातेदाराचे निधन झाले असल्यास वारसांनी मृत्यूचा दाखला, वारसा हक्काची कागदपत्रे आणि मूळ प्रमाणपत्रे एकत्र ठेवावीत. दलालाविरुद्ध किंवा कंपनीविरुद्ध तक्रार असेल, तर प्रथम त्यांच्याकडेच लेखी करावी व पोच घ्यावी. समाधान न झाल्यास सेबीच्या 'स्कोअर्स' या तक्रार यंत्रणेकडे जाता येते, आणि तेथे नोंदलेल्या तक्रारीवर संबंधितांनी २१ दिवसांत कार्यवाहीचा अहवाल द्यावयाचा असतो. तक्रारीसोबत खरेदी-विक्रीची चिठ्ठी, बँकेच्या पुस्तिकेतील नोंद व पत्रव्यवहाराच्या प्रती जोडाव्यात. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत.